नको म्हटलेले शॉट

वाईट शॉट संपला की रजत कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन मोठ्यानं "हा नको" म्हणायचा. घरी निवडताना ते शब्द ऐकू आले की शॉट पुसून टाकायचा, डोक्याला ताप नाही. चांगल्याला "ओके". दुसऱ्यांच्या कचऱ्यावर जगणाऱ्यांची फिल्म करायला निघालेला हा गडी स्वतःचा कचरा असा चोख वेगळा काढायचा.

फिल्म होती कौसल्याची. नागपूरच्या वेशीवरच्या कचरा डेपोत ती सळईनं ढीग उकरून प्लास्टिक-भंगार वेचायची. मागच्या उन्हाळ्यात ढीग खचला आणि तिची लहानगी रोशनी आत गेली. पोकलेन लावलं, पण हाती काही लागलं नाही. बाकीच्यांनी ती जागा सोडली. कौसल्या तिथंच उकरत राहिली.

पहिल्याच दिवशी तिला ठेच लागून शॉट बिघडला. रजतनं "हा नको" म्हटलं आणि तो तिला गंमत म्हणून दाखवला. ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"भाऊ, हे माही रोशनी होय."

ढिगामागे पिवळ्या फ्रॉकातली पोर उभी होती. रजतनं मान वर करून पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं.

पुढचा शॉट ओके झाला. त्यात पोर नव्हती. मग मात्र कौसल्या सारखी चुकू लागली. मध्येच हसायची, पोतं पाडायची, कॅमेऱ्यात बघायची. रजतनं लेन्स पुसली, कार्ड बदललं. तरी बिघडलेल्या प्रत्येक शॉटमध्ये पोर होतीच, आणि दर वेळी आईच्या थोडी जवळ.

"काहून बिघडवता, मावशी?"

"तुमी नको म्हनता, तवाच येते ते. जे टाकता, त्यातच हाय."

रजतच्या अंगावर काटा आला. पण फिल्म तर पुरी करायची होती.

शेवटच्या दिवशी ऊन उतरत आलं. बिघडलेल्या शॉटमध्ये पोर आता आईपासून हातभरावर आली होती. कौसल्यानं सळई ढिगात खुपसली आणि कॅमेऱ्यापुढे हात जोडून ढसाढसा रडू लागली.

"आता एकच डाव. नको म्हना, भाऊ. पाया पडतो तुमच्या."

तिरपं ऊन, मागे घारी, खरं रडू. असा शॉट नशिबानं मिळतो. रजत म्हणाला, "ओके."

कौसल्या मटकन खाली बसली. त्याला तिच्याकडे बघवेना. सामान आवरून तो निघून आला.

संध्याकाळी मनीषनगरच्या घरी त्यानं तोच शॉट लावला. तेवढ्यात डेपोवरच्या नत्थूचा फोन आला.

"कौसल्याले संगं नेलं का जी तुमी? घरी नाही आली ते. सळई ढिगातच हाय तिची."

रजतनं स्क्रीनकडे पाहिलं.

ऊन होतं. घारी होत्या. ढिगात सळई उभी होती.

कौसल्या नव्हती.

आवाज मात्र तिचाच होता. "नको म्हना, भाऊ."

मग त्याचा. "ओके."

आणि लगेच, अगदी माइकजवळून, एका लहान पोरीचा.

"हा नको."