कालिंदीबाईंचा हिमालय

बाजाराची पिशवी सावरत कालिंदीबाई तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आल्या, तर पायरीवर एक गृहस्थ बसलेले. पाठीवर भलीमोठी सॅक, कपाळावर घाम, डोळे मिटलेले. लिफ्ट सकाळपासून बंद होती आणि बालीगंजमधला श्रावण अंगाला चिकटत होता.

बंगालीत विचारावं की हिंदीत, अशा विचारात त्या असतानाच गृहस्थांनी गुडघा चोळला आणि पुटपुटले, "आई गं..."

"पाणी खाणार का?" बाईंनी चटकन विचारलं.

गृहस्थांनी डोळे उघडले. थकलेले होते, पण हसरे. "कलकत्त्यात पाणी खातात होय?"

बाई ओशाळल्या. जन्म इथला, शाळा इथली. बंगालीत पाणी, चहा, सगळं खायचंच असतं, आणि घाईत जीभ घसरायची ती घसरायचीच. "सिगरेटसुद्धा खातात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला हवंय की नको?"

"खातो की. घासभर द्या."

हे हेमंत फडतरे. दुसऱ्या मजल्यावरच्या अश्विनीचे वडील. बायको गेल्यावर काही वर्षं साताऱ्यात एकटे काढली आणि अखेर लेकीच्या हट्टापुढे नमून इथे राहायला आले. सॅकेत वजनासाठी तांदूळ आणि तूरडाळ होती, लेकीच्या डब्यांतली.

"साताऱ्यात रोज अजिंक्यतारा चढायचो," ते म्हणाले. "तुमच्या शहरात साधा उंचवटा नाही हो. म्हणून हा जिना. नोव्हेंबरात दार्जिलिंगकडच्या संदकफूला चढून जायचंय. तिथून कांचनजंगा अगदी समोर दिसतं म्हणे."

कांचनजंगा... बाईंच्या हातातली पिशवी एकदम जड झाली. मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. नकाशावर छडी ठेवून किती वर्गांना त्यांनी ते शिखर दाखवलं असेल. रात्री सियालदाहून गाडीत बसलं की सकाळी हिमालयाच्या पायथ्याशी. पण दर वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी सासूबाई पडल्या, कधी मुलाची परीक्षा, मग यजमानांचं डायलिसिस. ते गेले, तोवर बाईंची साठी उलटून गेली होती.

"मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. आवाज उगीचच बारीक झाला.

"मग चला," फडतरे म्हणाले. घरी आलेल्याला 'बसा' म्हणावं, इतक्या सहज.

बाई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली तेव्हा त्यांनी पायांत बूट घातलेले होते.

आधी जिना, मग ढाकुरिया लेकभोवती फेऱ्या. दुर्गापूजेच्या आधीच्या सरी येऊन जायच्या आणि पाण्यावर वाफ तरंगायची. फडतरे त्यांना 'बाई' म्हणत, आणि म्हणताना त्यात चिमूटभर चेष्टा असे.

"बाई, श्वास नाकानं. वर्गात बोलल्यासारखं चढताना बोलायचं नसतं."

"प्रश्न तुम्हीच विचारता."

"उत्तर द्यायलाच हवं असं कुठाय? नुसतं बघितलंत तरी कळतं मला..."

बाई पाण्याकडे बघत. कान मात्र गरम झालेले असत.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी फडतरे बाहेर व्हरांड्यात थांबले. प्रसाद घेऊन बाई तिथे गेल्या.

"तुम्ही मानत नाही?"

"मानायचो. तिच्या आजारपणात फार मागितलं. नंतर मागणंच सोडलं. भांडण नाही काही. येणं-जाणं नाही, एवढंच."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग, कधी कुणाला न सांगितलेलं त्यांच्या तोंडून निघालं. "मी रोज पूजा करते. फुलं, दिवा, सगळं. पण हे गेल्यापासून... समोर कुणी आहे असं वाटत नाही. रिकाम्या घराची कडी वाजवावी तसं." त्या थांबल्या. "कुणाला सांगू नका."

"कुणाला सांगणार?" फडतरे हलकेच म्हणाले. त्यांनी मोदक अर्धा केला आणि मोठा अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

न्यू टाउनहून मुलगा आला तो कपाळाला आठ्या घालूनच. अनिकेत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, त्याची बायको प्रियाही नोकरी करायची; दोघं बाहेर असले की त्यांच्या पिल्लूकडे बाईच बघायच्या. "आई, नोव्हेंबरात प्रिया टूरवर आहे. पिल्लूला कोण बघणार? आणि बारा हजार फूट उंच जायचं, तेही... म्हणजे, तू त्यांना ओळखतेस किती?"

"जिन्यात कुणी दमलेलं दिसलं तर माणूस जेवढं ओळखतो, तेवढं."

"तुला काही झालं तर?" त्यानं आईचा हात धरला. "बाबांनंतर तूच आहेस ना गं मला."

बाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. त्याची भीती खरी होती, त्यांना दिसत होती. एरवी इथेच त्या विरघळल्या असत्या. "मी जातेय रे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पिल्लूची सोय आपण मिळून लावू. पण मी जातेय."

चढाई जिथून सुरू होते त्या मानेभंज्यांगहून त्यांचा सहा-सात ज्येष्ठांचा गट निघाला. धुकं, बांबूची बनं, वाऱ्यात फडफडणाऱ्या रंगीत पताका. बाई दमत होत्या, बसत होत्या, पुन्हा उठत होत्या. त्यांना कशाचाच कंटाळा येत नव्हता. खडकावरच्या शेवाळालाही त्या हात लावून बघत.

बिनसलं ते माथ्याच्या अलीकडच्या कालीपोखरी गावात. बाईंचं नव्हे, फडतऱ्यांचं. सकाळपासून डोकं ठणकत होतं, त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. दुपारी उलट्या सुरू झाल्या. वाटाड्यानं त्यांचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि लगेच खाली न्यायची गाडी बोलावली. उंची मानवली नव्हती. याहून वर जाणं जिवावर बेतलं असतं.

बाई आपली सॅक उचलून गाडीपाशी आल्या.

"तुम्ही कुठे?" फडतऱ्यांनी विचारलं. त्यांना धड बोलवतही नव्हतं.

"तुमच्याबरोबर."

"नाही." त्यांनी डोळे मिटले, उघडले. "जन्मभर थांबलात ना सगळ्यांसाठी? त्या यादीत मला घालू नका, कालिंदी. उद्याचा एक दिवस उरलाय. तुम्ही वर जा..."

त्यांनी नावानं हाक मारली होती. आपल्या आजारी माणसाला सोडून जायचं, हे त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. आणि 'जा' म्हणणारं माणूसही त्यांना कधी भेटलं नव्हतं.

वाटाड्या गाडीत बरोबर बसला, त्याचा मदतनीस गटापाशी राहिला. धुक्यात गाडी दिसेनाशी झाली तरी बाई तिथेच उभ्या होत्या. मग त्या वळल्या आणि वरची वाट चालू लागल्या. रडत रडतच चालल्या, पण चालल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, संदकफूच्या माथ्यावर, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना आभाळाची एक कड गुलाबी झाली. बाईंना ती ढगांची रांग वाटली. त्या बघत राहिल्या, आणि ढग हलेनात. मग त्या रांगेच्या टोकाला आग लागावी तसा प्रकाश पेटला आणि तो खाली सांडत आला... एक शिखर, दुसरं, मग अख्खी भिंत. एवढं मोठं, एवढं जवळ आणि इतकं गप्प. नकाशावर ते बोटाच्या पेराएवढं असायचं. बाईंचे हात कधी जोडले गेले, त्यांचं त्यांना कळलं नाही.

खाली उतरल्यावर फोन लागला. फडतऱ्यांना सिलिगुडीच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, लेक येऊन त्यांना विमानानं घरी घेऊन गेली होती. जीव भांड्यात पडला खरा. पण रेल्वेत रात्रभर बाई खिडकीशी जाग्या होत्या.

सियालदाला अनिकेत घ्यायला आला होता. आईकडे पाहून त्यानं ओठांवर आलेला प्रश्न गिळला आणि नुसती सॅक उचलली. घरी आल्यावर तो वर निघाला, बाई मात्र दुसऱ्या मजल्यावर थांबल्या.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मला इथे काम आहे."

अनिकेतनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "मी चहा टाकतो. दोघांचा टाकू की... तिघांचा?"

दार फडतऱ्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली, अंगावर शाल.

"सांगा," ते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

बाई दारातच सांगू लागल्या. "आधी गुलाबी झालं. मला वाटलं ढग आहेत... आणि मग..." त्यांनी हात पसरले, पुरेनात. "नाही सांगता येत हो. इतकी वर्षं शिकवलं, आणि सांगता येत नाही."

"येईल. हळूहळू."

"हात जोडले गेले माझे. कडी वाजवावी नाही लागली. तिथे कुणीतरी होतंच, आधीपासून. मागायचं म्हणून काही सुचेना. एवढंच आलं मनात, की हे बघायला हेमंत इथे हवे होते. सगळ्या हिमालयापुढे उभी होते मी, आणि मला... तुमची आठवण येत होती."

फडतऱ्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना घाई नव्हती.

"मी तिकडे सिलिगुडीत पडल्या पडल्या तुमच्यासाठी मागत होतो," ते म्हणाले. "आभाळ निरभ्र राहू दे म्हणून. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पहाटे पाहत राहिल्या होत्या तशाच.

"उरलेलं आयुष्य बरोबर काढाल माझ्या?" फडतऱ्यांनी विचारलं. "उंचावर नेऊ शकेन असं वचन नाही देत..."

"खालीही चालेल," कालिंदी म्हणाल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "चला, वर चहा झाला असेल. अनिकेतला आपण दोघं मिळून सांगू."