तळ्यापलीकडे गेलेली पावलं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मार्लिस टोस्ट्रडचं कामच गोष्टी रचण्याचं, पण ही तिने रचलेली नाही.

मिनेसोटातलं एक तळं. काठावर भाड्याचं लाकडी घर. जानेवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. सकाळपासून पडणारा बर्फ नुकताच थांबला होता.

घरात ती एकटीच.

तिच्या कादंबरीतली आई पोराला सोडून निघून जाते, आणि तिला त्याचा पस्तावा होत नाही. संपादक ग्रेचनला तेच खटकत होतं. सकाळीच तिचा फोन आला होता.

"शेवटी तिला परत आण. वाचक तिला माफ नाही करणार गं."

"बाप निघून गेला की ती कादंबरी. आई गेली की गुन्हा?"

ग्रेचन हसली. पण उद्यापर्यंत शेवट बदलला नाही, तर पुस्तक निघणार नव्हतं.

मार्लिस नाइलाजाने बसली. टाइप केलं... 'ती दाराशी परत आली.'

वरच्या मजल्यावर... पावलं वाजली.

तिचा हात थांबला. आवाजही थांबला.

तिने पुढचा शब्द टाइप केला. आता पावलं जिना उतरू लागली. एकेक पायरी...

जिन्यावर कुणीच नव्हतं.

मग दार आपोआप उघडलं.

बाहेर, ताज्या बर्फात... अनवाणी पावलं. बाईची. घरातून निघालेली. परत येणारं एकही नाही.

मार्लिसने बूट चढवले आणि ती त्या पावलांच्या मागे गेली. गोठलेल्या तळ्यावरून ती पावलं सरळ पलीकडच्या रस्त्याला लागली होती.

घरी येऊन तिने घरमालकाला, म्हाताऱ्या आयनारला, फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याची आजी सोल्वेग याच घरातून निघून गेली. १९३१ साली, पोराला सोडून. पस्तावून तिने तळ्यात जीव दिला, असं गावाने ठरवून टाकलं.

"माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे. आईची पावलं पलीकडे गेलेली मी पाहिली, म्हणायचे. त्यासाठी मार खाल्ला त्यांनी, पोरी."

मार्लिसने ते वाक्य खोडलं. ग्रेचनला कळवलं, "ती येत नाही."

पुस्तक एका छोट्या प्रकाशकाने काढलं. 'तू कसली बाई?' अशी पत्रं अजून येतात. मार्लिस ती भर कार्यक्रमात मोठ्याने वाचते, आणि मग कादंबरीचा शेवट वाचते.

एकच गोष्ट ती लोकांसमोर सांगत नाही.

त्या दुपारी पलीकडच्या रस्त्यावर पोचून तिने मागे पाहिलं, तेव्हा तळ्यावर पावलांची एकच ओळ होती... अनवाणी.

तिच्या बुटांचा ठसा कुठेच नव्हता.

घरी ती रस्त्याने आली. चार मैलांचा वळसा घालून.