पूर्णविरामानंतर दोन जागा

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. वहिनीने जसं सांगितलं तसं लिहिते आहे. शेवटचा तासभर मात्र मी स्वतः तिथे होते.

सोमवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. माहेरची मागची खोली.

भुतं दुपारी येत नाहीत म्हणतात. म्हणोत बापडे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. नियम दोनच. वाक्य अर्धवट टाकून जागेवरून उठायचं नाही. आणि पूर्णविरामानंतर एक नाही, दोन जागा सोडायच्या. "एक वाचणाऱ्याला श्वास घ्यायला, दुसरी लिहिणाऱ्याला," असं म्हणायचे.

फुप्फुसं थकली तसे ते अंथरुणाला खिळले. दादा कामासाठी कायम बाहेरगावी, त्यामुळे सगळं वहिनीच्या गळ्यात. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. रोज जेवणं झाली की ती पलंगाशी लॅपटॉप घेऊन बसायची. अण्णा क्लासच्या आठवणी सांगायचे, ती टाईप करायची.

तिला त्रास एकाच गोष्टीचा होता. कर्सर. अक्षर उमटतं तिथली ती उभी रेघ.

अण्णा शब्द शोधत थांबले की ती रिकाम्या पानावर लुकलुकत राहायची. दिसली... विझली. दिसली... विझली. वहिनीचं कपाळ ठणकायला लागायचं.

"सासूसारखी उभी असते मेली," वहिनी म्हणायची. "पुढे काय, पुढे काय."

त्या सोमवारी अण्णा म्हणाले, "आणि शेवटी एवढंच सांगायचं आहे की..."

...आणि त्यांचा डोळा लागला.

वहिनी थांबली. दहा मिनिटं झाली. रेघ लुकलुकतच होती. शेवटी तिने सेटिंग उघडलं, लुकलुकण्याच्या वेगाची पट्टी शोधली आणि पार टोकाला नेऊन ठेवली. रेघ एका जागी स्थिर झाली. वहिनीला हायसं वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं...

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं.

अण्णांच्या छातीतली घरघर थांबली होती.

तिने हाका मारल्या. खांदा हलवला. फोन घ्यायला धडपडली, तेव्हा लॅपटॉपला हात लागून पट्टी मागे सरकली.

रेघ लुकलुकली...

अण्णांनी श्वास घेतला.

योगायोग, असंच तिला वाटलं. डॉक्टर येऊन गेले. अण्णा शुद्धीवर नव्हते. "हलवण्यात अर्थ नाही. जितके तास आहेत तितके घरीच राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. बराच वेळ कुणी हात न लावल्याने लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली.

घरघर पुन्हा थांबली...

हातातलं भांडं टाकून ती धावली. एक बटण दाबलं. पान उजळलं. छाती वर आली.

मग मात्र तिने नीट निरखून पाहिलं. रेघ दिसली की छाती वर. विझली की खाली.

तिथून वहिनी अडकली.

तिने स्क्रीन बंद होऊ नये अशी सोय केली. वीज गेली तर घात नको म्हणून तेच पान टॅबलेटवर उघडलं, फोनवरही उघडलं. पण यंत्राच्या सोयीवर तिचा भरवसा बसेना. म्हणून दर मिनिटाला एक जागा सोडायची, लगेच खोडायची. जेवताना डाव्या हाताने. न्हाणीघरात फोन घेऊन.

वाक्य पुरं करून टाकावं, असं तिच्या मनात आलंच. पण अण्णांचा नियम होता. पूर्णविराम दिला की उठायला मोकळं.

अण्णा उठून गेले तर?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तीन रात्री ती झोपली नाही.

गुरुवारी दुपारी मी पोचले. वहिनीने दार उघडलं, हातात फोन, अंगठा हलतोय. तिचा चेहरा बघून मला रडू आलं. तिने उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

"चिमणे, मला वेड लागलंय म्हण. पण एवढं कर."

"तासभर पड तू. मी बसते."

"काही लिहू नकोस. टिंबसुद्धा देऊ नकोस."

ती तिथेच जमिनीवर आडवी झाली. मी लॅपटॉपपुढे बसले. एक जागा सोडायची, खोडायची. मनात म्हणत होते, बिचारी खुळी झाली. पाच मिनिटांनी अण्णांच्या छातीकडे पाहिलं आणि ते म्हणणं सोडून दिलं.

चार वाजायला आले होते.

टक... टक टक...

आवाज लॅपटॉपचा नव्हता. पलंगाकडून येत होता.

मी वळून पाहिलं. अण्णांचे डोळे मिटलेले. दोन्ही हात चादरीवर... आणि दहाही बोटं चालत होती. क्लासात शिकवायचे तशी, मनगट न हलवता.

बोटं थांबली. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"आणि शेवटी एवढंच सांगायचं आहे की सूनबाई फार दमली आहे, तिला आता उठू द्या."

पूर्णविराम. पुढे दोन जागा. तिथे रेघ उभी होती, न हलता.

घरघर थांबली होती. मी बटणं दाबत राहिले, पण काही झालं नाही. वहिनी मात्र गाढ झोपली होती. तिला उठवायला मला अर्धा तास धीर झाला नाही.

दादा म्हणतो, "तूच लिहिलंस. क्लास तूही केला होतास." असेल. माझे हात मांडीवर होते, असं मला आठवतं. वहिनीने मात्र कधीच विचारलं नाही. तिने सगळीकडची रेघ स्थिर करून टाकली, माझ्या लॅपटॉपवरचीसुद्धा.

आज दुपारी हे सगळं लिहिलं आणि पहिल्यापासून वाचून पाहिलं. मी नोकरीला लागल्यापासून पूर्णविरामानंतर एकच जागा सोडते. इथे प्रत्येक पूर्णविरामानंतर दोन आहेत. इंटरनेटवर चढवताना जादाची जागा आपोआप गळून जाईल, पण इथे माझ्यासमोर आहे.

आणि रेघ लुकलुकते आहे...

पट्टी टोकालाच आहे, आत्ताच पाहिली. घरात मी एकटी आहे. लॅपटॉप बंद करायला हात धजत नाही.