चौथा खांदा

शवपेटीत कोंबडी बसली होती. डोसिंडाबाईंनी तिला केरसुणीनं हाकललं आणि व्हिनेगरचं फडकं घेऊन पेटी पुन्हा आतून पुसायला सुरुवात केली. पेटी चर्चची होती. दरवर्षी जुलै आला की ती माळ्यावरून खाली यायची, अंगणात ऊन खायची, सणाच्या दिवशी मिरवायची आणि पुन्हा माळ्यावर जायची. विलारेलो गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. मरणाच्या दारातून जो परत आला, त्यानं सांता कोम्बा या संतिणीच्या सणाला पेटीत आडवं व्हायचं, घरच्या माणसांनी त्याला खांद्यावरून दफनभूमीपर्यंत न्यायचं आणि तसंच जिवंत परत आणायचं. स्पेनमधल्या गलिसियाच्या त्या किनाऱ्यावर नवस असाच फेडत.

नेझानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. ती स्लोव्हेनियाहून औषधशास्त्र शिकायला आलेली. फेब्रुवारीत डोसिंडाबाईंची वरची खोली तिनं भाड्यानं घेतली, तेव्हापासून ती रोज बसनं सांतियागोच्या विद्यापीठात जाऊन येत होती. खोली बाईंच्या थोरल्या मुलाची, फिझची. तो डिसेंबरात गेला होता. नेझाला तो ठाऊक होता फक्त जिन्यातल्या फोटोतून: गळ्यात ढोल, उजव्या हातात टिपरी, तोंडभर हसू.

फिझ आणि धाकटा अमारो खडकांवरचे शिंपले खरवडायला गेले होते. एकच लाट आली आणि दोघांना घेऊन गेली. अमारोला तिनं वाळूवर आणून टाकलं. फिझच्या अंगावरचं कापडसुद्धा परत आलं नाही.

त्या अमारोचा आता नवस फेडायचा होता, आणि अमारो काही केल्या तयार नव्हता.

"मी नाही झोपणार त्यात," तो सणाच्या आदल्या दिवशी धक्क्यावर नेझाला म्हणाला. तो डावखुरा होता आणि अस्वस्थ झाला की डाव्या हाताच्या बोटानं जे समोर असेल त्यावर टकटक करायचा. आत्ता दगडावर करत होता.

"अर्धा तास पडून राहायचंय. लोक समुद्रावर त्याहून जास्त वेळ पडतात."

"तू चेष्टा कर. आईनं नवस कसा बोलला माहीत आहे? सगळा गाव धक्क्यावर उभा होता. ती म्हणाली, माझा मुलगा परत दे. नाव नाही घेतलं."

"दोघं पाण्यात होतात. नाव कुणाचं घेणार?"

"तेच तर. नवसात नाव घ्यावं लागतं. इथलं शेंबडं पोरही जाणतं." तो पाण्याकडे बघून म्हणाला, "मला घरी आणलं ना, तेव्हा तिनं मला पोटाशी धरलं. पण बघत होती माझ्या मागे, दाराकडे. अजून तशीच बघते. आणि उद्या पेटी निघताना आईनंच सांताच्या कानात नाव सांगायचं असतं."

नेझाला त्याची दया आली आणि थोडा रागही आला. दोघं प्रेमात होते आणि ऑगस्टच्या अखेरीस तिच्या देशात, ल्युब्लियानाला, जाणार होते. तिच्या मावशीच्या सुतारखान्यात त्याचं काम ठरलं होतं. समुद्र नको, खडक नकोत, गावाचं हे भुताखेतांचं लचांड नको. एवढं सगळं मार्गी लागलेलं असताना लाकडाच्या एका खोक्यावरून आईचं मन मोडून जायचं, हे तिला पटेना.

"तिचा एक मुलगा समुद्रानं नेला, दुसरा मी नेतेय," ती म्हणाली. "एक सकाळ दे तिला. मग ती आपल्याला सुखानं जाऊ देईल."

अमारोचं बोट थांबलं. "तू म्हणतेस म्हणून," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी डोसिंडाबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "खांदे तीनच आहेत. माझा भाऊ सेवेरो आणि त्याचे दोन मुलगे. चौथा फिझचा असता." त्यांनी सुरी पुसली. "खांदा घरच्याच माणसाचा लागतो. तू आता घरचीच ना? तो तुझ्याबरोबर जाणार, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

नेझाला वाटलं, सुटलो. बाईंनी स्वीकारलं होतं. तिनं पुढे होऊन त्यांच्या गालाचं चुंबन घेतलं. गाल थंड होता, पण कांद्यामुळे डोळे ओले होते आणि त्या हसतही होत्या.

सकाळी फटाक्यांच्या बारांचा धूर आकाशात टिकला नाही, इतकं स्वच्छ ऊन पडलं होतं. चर्चसमोर ऑक्टोपसच्या तांब्याच्या कढया चढल्या होत्या. अमारोला त्याच्या वासानंच मळमळायचं. रबर कोण खातं, म्हणायचा. फिझ मात्र परातभर खायचा म्हणे.

"अरे, नवरदेवा, चेहरा तरी धुऊन यायचास," शेजारीण ओबदुलिया पेटीत पडलेल्या अमारोवर वाकून म्हणाली. "मी या पेटीत झोपले होते तेव्हा लिपस्टिक लावली होती."

लोक हसले. अमारोही हसला. नेझाकडे बघून तो हळूच म्हणाला, "टकटक करत राहीन. तुला माझा चेहरा दिसणार नाही ना."

तिचं पेटीखालचं ठिकाण डोक्याकडचं, त्याच्या डाव्या हाताच्या बाजूचं होतं. पेटी उचलली. लाकूड खांद्यात रुतलं. कानाशीच आतून आवाज आला, टक टक, आणि ती मनाशी हसली.

चर्चच्या आत पेटी सांताच्या मूर्तीजवळ थांबली. डोसिंडाबाई टाचा उंचावून मूर्तीच्या लाकडी कानाशी गेल्या. त्याच वेळी बाहेर मशकवाद्यं सुरू झाली. बाई काय म्हणाल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. एवढं मात्र दिसलं की फार थोडं म्हणाल्या.

मिरवणूक चढणीला लागली. निलगिरीचा वास, मेणाचा वास, पुढे दुसऱ्या पेटीतून नवस फेडायला निघालेल्या म्हाताऱ्याचा खोकला. सेवेरोमामा प्रत्येक वळणावर देवाला आणि गुडघ्यांना सारख्याच शिव्या देत होते. टक टक येत होतं. नेझाही मधूनच नखानं उत्तर देत होती.

दफनभूमीच्या फाटकाशी पेटी दगडी ओट्यावर उतरवली.

"आता भिंतीकडे तोंड," सेवेरोमामा म्हणाले. "घंटा संपेपर्यंत मागे बघायचं नाही. आई एकटी बघते."

"का?"

"का म्हणजे? रीत आहे."

नेझा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चुन्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. घंटा पडू लागली. मशकवाद्यं थांबली होती, म्हातारा खोकत नव्हता. दोन टोल्यांच्या मधे तिला टकटक ऐकू येत होती. ती भराभर येऊ लागली. मग फारच भराभर, कुणी दार वाजवावं तशी.

"सेवेरोमामा," ती पुटपुटली.

"भिंतीकडे बघ, पोरी."

डोसिंडाबाई काहीतरी म्हणत होत्या. तान्ह्या मुलाला झोपवताना बोलतात तसा हळू, समजुतीचा आवाज होता.

टकटक थांबली.

आपण का वळलो नाही, हे नेझानं पुढे स्वतःला किती वेळा विचारलं. ती वळली नाही. चार माणसांत हसं होईल, म्हणून ती मुंग्या बघत राहिली.

घंटा संपल्यावर पेटी उचलली तेव्हा सेवेरोमामांच्या तोंडून शिवी निघाली. पेटी जड झाली होती, भिजल्या जाळ्यासारखी. नेझानं नखानं लाकडावर वाजवलं. उत्तर आलं नाही. झोप लागली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. रात्रभर तो जागाच होता.

उतारावर तिच्या मानेवर पाण्याचा थेंब पडला. पाद्र्यानं तीर्थ शिंपडलं असेल. दुसरा पडला. मग पाठीवरून धारच ओघळली, बर्फासारखी गार. एक थेंब ओठावर आला. तो खारट होता.

घामही खारट असतो. औषधशास्त्राच्या विद्यार्थिनीला एवढं कळतं. पण घाम इतका गार नसतो.

तिनं पुन्हा वाजवलं. जोरात.

या वेळी उत्तर आलं. ते तिच्या बाजूनं आलं नाही, पलीकडून, उजव्या हाताच्या फळीवरून आलं. ते बोटाचं टकटकही नव्हतं. ठेका होता. ढोलावर धरतात तसा.

चर्चच्या दारात पेटी ठेवली. आतल्या माणसानं आपणहून उठायचं, कुणी हात द्यायचा नाही. सगळे बघत राहिले. पेटीच्या काठावर एक हात आला, उजवा. मग अमारो उठून बसला. केस मुळापासून ओले. त्यानं उन्हाला हात आडवा धरला आणि गावाकडे असा बघत राहिला, जणू कुठून बघायला सुरुवात करावी हेच त्याला कळत नव्हतं.

बार उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोसिंडाबाईंनी त्याला छातीशी धरलं आणि या खेपेला त्यांचे डोळे मिटलेले होते.

"आलास," त्या म्हणाल्या.

गर्दीनं त्याला उचलूनच नेलं. नेझा मागून धक्के खात पोचली, तेव्हा तो बाकावर आईशेजारी बसला होता. समोर लाकडी ताटलीत ऑक्टोपस होता, आणि तो खात होता. दोन्ही गाल भरून, तेलाची बोटं चाटत, कैक महिन्यांच्या भुकेनं.

नेझा बाकापर्यंत गेली.

"अमारो," ती म्हणाली. "मी इथे आहे."

त्यानं वर पाहिलं. तेच डोळे होते, भुवईवरचा तोच व्रण. त्यानं घाईनं उजवा हात पँटला पुसला, परक्या बाईसमोर उठतात तसा अदबीनं उठला आणि हात पुढे केला. तिनं तो हातात घेतला, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. बोटांची टोकं फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली होती.

"आई," तो हसून म्हणाला, "या कोण?"

डोसिंडाबाईंनी त्याच्या ताटलीतलं तेल पावानं टिपून घेतलं आणि पाव त्याच्यापुढे धरला.

"शिकायला आलेली मुलगी आहे, तुझ्या खोलीत राहते," त्या म्हणाल्या. "तू नव्हतास तेव्हा आली."