शेजारची सीट

पाकीट आलं ते दुपारी, जेवणं आटोपल्यावर. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून बसवलेला एकच फोटो होता. रिटचबाई तो बाहेर काढतात न काढतात तोच डिझेलआजोबांचा फोन.

"पोचला का? ओल लागलीय त्याला, बुरशीही आहे. पण ट्रक ओळखा पाहू कुठला ते!"

डिझेलआजोबा म्हणजे 'जुनी धुडं' या ग्रुपमधलं सगळ्यात जुनं धूड. त्यांची उभी हयात हमरस्त्याच्या कडेला कॅमेरा गळ्यात अडकवून ट्रकांचे फोटो काढण्यात गेलेली. बाकीची मंडळीही त्याच पठडीतली. कुणी गंजक्या बोनेटचा फोटो टाकला की "काय रूप आहे!" म्हणून अशी विरघळायची, जणू घरात सून पसंत करायची आहे. फाटके, डागाळलेले, एकमेकांना चिकटलेले फोटो मात्र सगळे रिटचबाईंकडे यायचे. हे नावही ग्रुपनंच पाडलेलं. फोटो स्टुडिओत असताना त्यांनी बारीक ब्रशनं लोकांचे मुरूम पुसले होते, मिटलेले डोळे उघडले होते. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा तेच काम त्या कॉम्प्युटरवर करू लागल्या.

ट्रकांचं वेड त्यांचं नव्हे, त्यांच्या दिराचं. खाली आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं भंगारातून आणलेला एक म्हातारा ट्रक नव्यासारखा करून उभा केला होता. ग्रुपही त्यानंच काढलेला.

रिटचबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि ट्रक ओळखला. शेडमधलाच होता. रंग लागायच्या आधीचा, पत्रे गळालेला, साखळीनं पुढच्या गाडीला बांधलेला. उतारावरच्या एका वळणावर टिपलेला.

म्हणजे हा तो दिवस होता.

त्या दिवशी दोघे भाऊ मिळून ट्रक आणायला गेले होते. ट्रक आला, दीर आला, रिटचबाईंचा नवरा मात्र जिवंत परतला नाही. "दादा माझ्या शेजारीच बसला होता, पुढच्या गाडीत," दीर हुंदके देत म्हणाला होता. "छातीत कळ आली म्हणाला, आणि मान टाकली." रिटचबाईंनी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय होतं?

पण साखळीनं ओढलेल्या ट्रकचं स्टिअरिंग कुणीतरी धरावं लागतं. उतारावर ब्रेक दाबावा लागतो. इतकी वर्षं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ग्रुपमधल्या गप्पा ऐकून ऐकून आता कुठे कळत होतं. दादा जर पुढे होते, तर मागे कोण होतं?

संध्याकाळ व्हायच्या आत दीर वर आला. आजोबांनी ग्रुपवर दवंडी पिटलेलीच होती.

"वहिनी, तो फोटो राहू द्या. गेलाय तो. काही निघायचं नाही त्यातून."

"निघतंय की, भावजी. थोडं थोडं निघतंय."

"उगाच कशाला जुनं उकरायचं..." तो म्हणाला. बोलताना त्याचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतं, दाराकडे होतं.

जो माणूस त्या ट्रकच्या नटबोल्टचेसुद्धा फोटो काढून लोकांना पाठवायचा, त्याला हा फोटो पाहवत नव्हता. रिटचबाईंच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. सजवलेल्या ट्रकमध्ये सगळं लखलखत होतं, पण ड्रायव्हरच्या शेजारी सीट नव्हती. नुसती हत्यारांची पेटी होती. "एकट्यानंच संसार करायचाय का?" म्हणून ग्रुपमधले त्याची थट्टा करायचे, आणि तो "जुना नमुना मिळत नाही हो" म्हणून विषय बदलायचा.

त्या फोटोच्या कामाला बसल्या. बुरशी एकदम पुसता येत नाही, ठिपका ठिपका उचलावी लागते. आधी वायपर निघाला. मग काचेची कड. मग एका दुपारी, घरात सगळीकडे सामसूम असताना, त्यांचा नवरा निघाला. डोकं दाराच्या काचेला टेकलेलं. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. झोपलेल्या माणसासारखं... आणि नव्हेही.

दोन्ही हात मांडीवर होते.

स्टिअरिंगवरही एक हात होता. शेजारच्या बाजूनं आलेला. मनगटापर्यंत बटण लावलेली बाही. त्यापलीकडे काचेवरची तिरीप, आणि तिच्यामागे काळोख.

भुताखेतांचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्यांना वाटलं, तिसरा माणूस. दिरानं कुणाला बसवलं होतं? आणि का लपवलं? घरच्या माणसाबद्दल जे मनात आणू नये, ते सगळं त्यांच्या मनात आलं. जेवताना समोर बसलेल्या दिराकडे त्या चोरून पाहायच्या, आणि तोही त्यांच्याकडे तसाच पाहतोय असं त्यांच्या लक्षात यायचं.

शेवटी त्यांनी आजोबांनाच फोन लावला.

"आजोबा, फोटोवर काही हात फिरवलात का तुम्ही? गंमत म्हणून?"

"अहो, मला दाढी करताना स्वतःचा गाल सापडत नाही. मी काय हात फिरवणार?"

ते खरंच होतं. मूळ फोटो रिटचबाईंनी भिंगाखाली तिरपा धरून पाहिला होता. रंग लावलेला असता तर चमकला असता, पात्यानं खरवडलेलं असतं तर कागदाचा धागा उठला असता. तसं काही नव्हतं.

"पण त्या वेळचं एक आठवतं बघा," आजोबा सांगू लागले. "फोटो काढून झाल्यावर मी हात हलवला. ट्रकवाले उलट हलवतात ना, तसा एकानं हलवला."

"कुठल्या एकानं?"

"ड्रायव्हर झोपल्यासारखा वाटला. हलवला तो... शेजारच्यानं."

रिटचबाई फोटो घेऊन खाली शेडमध्ये गेल्या. पत्रा उन्हानं तापला होता. डिझेलचा आणि ताज्या रंगाचा वास नाकात बसत होता. दीर बंपरपाशी उकिडवा बसून काहीतरी घासत होता.

"भावजी, मागच्या ट्रकमध्ये तुमचे दादा होते."

घासायचा आवाज थांबला. "होते."

"आणि त्यांच्या शेजारी कोण होतं?"

त्यानं मान वर केली. "शेजारी?"

त्या एका शब्दात रिटचबाईंना कळून चुकलं, की हा खोटं बोलत नाहीये. हा घाबरलाय.

"शेजारी कोण बसणार, वहिनी? सीटच नव्हती. सीट सोडा, तिकडचा तळ गंजून गळून गेला होता. पाय ठेवला असता तर थेट रस्त्यावर."

त्यांनी फोटो पुढे केला. त्यानं तो हातात घेतला नाही. लांबूनच पाहिला, आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"उतार संपला तेव्हा मी थांबलो," तो हळू आवाजात बोलू लागला. "मागचा ट्रकही थांबला. अगदी अलगद. साखळीला हिसकासुद्धा नाही. मी खाली उतरलो, ओरडून म्हटलं, काय झकास आणलास रे दादा! तर दादा... गार पडला होता. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झाला. उतार लागायच्या आधीच..."

"मग ती वळणं?"

"तेच ना. कुणाला सांगणार होतो मी? म्हणून म्हटलं, माझ्या शेजारी होता. तुम्हाला विचारायला काही उरू नये म्हणून."

"आणि सीट का नाही बसवलीत?"

त्यानं खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं. "छाती होत नाही, वहिनी. बसवली की कुणीतरी बसेल असं वाटतं."

दोघांनी कॅबकडे पाहिलं. पेटीखेरीज तिथे काही नव्हतं. तरीही शेडमधून बाहेर पडताना दोघांनीही ट्रककडे पाठ केली नाही.

त्यानंतर ट्रक आवारात ठेवण्यात अर्थ नव्हता. ग्रुपमधल्याच एका हौशी माणसानं तो मागून घेतला. दूर कुठेतरी त्याची मोठी शेड होती, तिथे असे ट्रक ओळीनं उभे होते. भर सकाळी ट्रेलर आला आणि घेऊन गेला. त्या माणसानं हौसेनं शेजारी नवी सीट बसवली आणि फोटो पाठवले. रिटचबाईंनी एकेक फोटो मोठा करून कोपरान् कोपरा पाहिला. काचा स्वच्छ होत्या. कॅब रिकामी होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"काही नाही ना?" दिरानं विचारलं.

"काही नाही."

"सुटलो," तो म्हणाला, आणि किती दिवसांनी पोटभर जेवला. रिटचबाईंच्या मनावरचाही दगड उतरला. घरच्या माणसावर संशय घेतल्याची लाज वाटत होती, पण त्या लाजेतही हायसं वाटत होतं.

थोडेच दिवस गेले असतील. सकाळी दीर कामावर निघाला होता. जिन्यावरून परत वर आला, किल्ली हातात खेळवत.

"वहिनी, आमच्या गाडीचं डोकं फिरलंय. शेजारी कुणी बेल्ट न लावता बसलं की वाजते ना, तशी कालपासून वाजतेय. रिकाम्या सीटवर!"

"मग दाखवून घ्या ना कुणाला."

"दाखवली. मेकॅनिक म्हणतो, काही बिघडलेलं नाही. सीटवर वजन आहे म्हणून वाजतेय म्हणे." तो हसला, पण त्यांच्याकडे बघेना.

"भावजी... आज नका जाऊ."

"आणि साहेबांना काय सांगू? गाडी वाजते म्हणून आलो नाही?"

तो उतरून गेला. रिटचबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाली, आणि तो आवाज सुरू झाला. टुंई, टुंई, टुंई... गाडी आवारात वळली. दिराच्या बाजूची काच खाली होती, त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर स्पष्ट दिसत होते. पुढच्या काचेवर सकाळचं ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे शेजारची बाजू दिसत नव्हती.

रिटचबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात, फाटकापाशी, गाडीतून खट् असा बारीकसा आवाज आला.

आणि वाजणं थांबलं.

दिराचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते. त्यानं हळूच मान वळवून शेजारी पाहिलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.