राखेच्या खड्ड्यावरचा झेंडा

विश्वास ठेवा म्हणून गळ घालणार नाही. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारी, तीनच्या सुमाराला, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत हे घडलं. पंखा चालू होता. खाली आई भांडी घासत होती.

बाबा वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीत, प्लायवुडच्या मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे मांडायला घेतली. रूळ झाले, स्टेशन झालं. उरली इंजिनांची निगा राखायची जागा. तिचा नकाशा माझ्याकडे आला, कारण मी घरांचे नकाशे काढते.

"माझी कपडे वाळत घालायची खोली," आई म्हणायची. "आता तिथे इंजिनं वाळताहेत."

बाबांनी क्रम सांगितला. आधी कोळसा. मग पाणी, चाकं घसरू नयेत म्हणून वाळू, इंजिनाचं तोंड फिरवायचं टर्नटेबल. शेवटी शेड.

"आणि राख कुठे पाडायची?" मी विचारलं. "रुळांमध्ये खड्डा लागतो ना?"

बाबांची पेन्सिल थांबली.

"खड्डा नको."

"पण बाबा..."

"खेळण्यातल्या इंजिनाला राख नसते. नको म्हटलं ना?"

मी खड्डा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नकाशात खड्डा होता...

पाण्याच्या खांबाच्या अलीकडे. माप अचूक. रेघ माझी नव्हती.

वाटलं, बाबांचं मन पालटलं असेल. कबूल करायला जड जात असेल.

"मी?" बाबा उखडले. "स्वतः काढायचं आणि वर मलाच विचारायचं!"

मग आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मला तिथे फडकं मारू दिलंत तरी पुष्कळ झालं."

मी खड्डा खोडला. पण त्या दिवसापासून घरात प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातांकडे बघायला लागला.

तिसऱ्या दिवशी टेबलाचं प्लायवुडच कापलेलं होतं. बरोबर त्याच मापाने.

खाली लाकडाचा भुसा नव्हता.

राख होती. बोट लावलं... कोमट.

आणि टेबलाखालून आवाज आला.

ठण्... ठण्... ठण्...

मी वाकून पाहिलं. नुसत्या वायरी लोंबत होत्या.

मागे बाबा येऊन उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. ते स्टुलावर बसले, तोंड पांढरंफटक.

"ठोक्या," ते म्हणाले.

ठोक्या म्हणजे त्यांच्या शेडमधला फिटर. इंजिनाखाली, राखेच्या खड्ड्यात उतरून चाकं ठोकून बघायचा. धड चाक ठणठणीत बोलतं, तडकलेलं बद्द बोलतं. ठोकताना गुणगुणायचा...

*चाका रे चाका, सांग तुझं दुखणं,*
*माझ्या हातोडीला ठाऊक ऐकणं.*

"खाली उतरण्याआधी तो इंजिनाला लाल झेंडा लावायचा," बाबा म्हणाले. "नियमच होता. झेंडा दिसला की इंजिन तसूभर हलवायचं नाही. आणि ज्याने लावला, त्यानेच काढायचा."

"मग?"

"त्या दुपारी झेंडा नव्हता. मी शिट्टी दिली, इंजिन पुढे घेतलं... तो खाली होता."

चौकशीत तेच लिहिलं गेलं. झेंडा लावला नाही, चूक ठोक्याची. त्याची बायको महिनाभर शेडच्या दाराशी येऊन एकच सांगायची, "ते झेंडा विसरायचे नाहीत हो."

मी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हा त्यांची कीव आली.

मग नजर टेबलावर गेली.

छोटं इंजिन खड्ड्यावर उभं होतं. आम्ही ते स्टेशनवर ठेवलेलं.

त्याला नखाएवढा लाल झेंडा होता... कापडाचा, तेलकट.

टेबलाखाली ठण्... ठण्... चालूच.

बाबा उठले. दचकले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं.

"आधीच उशीर झालाय," ते पुटपुटले.

आणि हात पुढे करून त्यांनी झेंडा उपटला. सहज, शर्टाला चिकटलेला दोरा काढावा तसा. तो खिशात टाकला. बोटाने इंजिन पुढे ढकललं.

खालचा आवाज एकदम थांबला.

"बाबा... झेंडा?"

"कुठला झेंडा?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ, भोळे. "झेंडा नव्हताच गं."

त्यांच्या खिशातून लाल टोक डोकावत होतं.

माझा हात त्यांच्या पाठीवरून आपोआप निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पलंगावरून उठायलाच तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले, काहीच बिघाड नाही. शर्टाचा खिसा रिकामा होता. पलंगाच्या दांडीला मात्र लाल झेंडा होता... हातरुमालाएवढा.

मला आईचा संशय आला. आईला माझा. अजून येतो.

"काढते मी तो," मी म्हटलं.

"तू लावलास?" बाबांनी विचारलं.

मी मान हलवली... नाही.

"मग हात लावू नकोस. झेंडा आहे. हलायचं नाही."

आज एकवीस दिवस झाले. रोज तीन वाजता पलंगाखालून आवाज येतो. पलंग लाकडाचा आहे, तरी लोखंड वाजतं. ठण्... ठण्... बाबा डोळे मिटून एकेक ठोका ऐकतात.

काल शेवटचा ठोका बद्द आला.