दोरीने आखलेले घर

मार्लिस एंगेब्रेटसन रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उठत असे. ओट्यावरच्या फलकावरची तीन बटणे ती एकेक करून दाबी: पिण्याचे पाणी किती उरले, सांडपाण्याची टाकी किती भरली, बॅटरी किती उतरली. मग किटली ठेवायची. पाणी उकळेपर्यंत बाहेर येऊन दारापुढच्या चटईवरची वाळू झाडायची आणि अडतीस फुटी मोटरहोमला, त्या चाकांवरच्या घराला, एक फेरी मारून सहाही टायर बुटाच्या टोकाने दाबून पाहायचे. गाडी चौदा महिन्यांत इंचभरही हलली नव्हती, तरी टायर पाहण्यात खंड नव्हता. ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या त्या तळावर थंडीत उत्तरेकडून शेकडो घरगाड्या उतरत आणि उन्हाळा लागला की परत जात. गेल्या उन्हाळ्यात मार्लिस एकटी मागे राहिली होती.

तिच्या जागेवरून निघायचे तर गाडी मागे घ्यावी लागे. पुढे खडक होता, डावीकडे दोन पुरुष उंचीचा निवडुंग. एवढी गाडी मागे घेताना एकाने चाकामागे बसायचे आणि दुसऱ्याने मागच्या कोपऱ्यात, आरशात दिसेल असे उभे राहून हातांनी खुणा करायच्या, अशी या लोकांची रीत. प्रत्येक जोडप्याच्या खुणा वेगळ्या. अकरा वर्षे तिच्या नवऱ्याने, ड्वेनने, गाडी चालवली आणि मार्लिसने खुणा केल्या. शहरातल्या इस्पितळात ड्वेन वारला, तेव्हा गाडीची चाके त्याने थांबवली होती तिथेच होती. अजूनही तिथेच होती.

आणि आता त्या गाडीची जाहिरात देऊन झाली होती. गुरुवारी सकाळी दहा वाजता गिऱ्हाईक येणार होते.

त्या सोमवारी मार्लिसने कॉफी संपवली आणि कपडे वाळत घालायची दोरी, चार खुंट्या आणि मोजपट्टी घेऊन ती बाहेर आली. मोठीच्या बदल्यात घ्यायच्या लहान गाडीचे माहितीपत्रक तिला आता पाठ होते. एकवीस फूट लांब, साडेसात फूट रुंद. तेवढा चौकोन तिने वाळूत आखला, दाराची जागा मोकळी सोडली, आत घडीची खाट, घडीचे टेबल आणि एक खुर्ची मांडली. गुरुवारपर्यंत दिवस या दोरीत काढायचे. जमले तर मोठी विकायची. नाही जमले तर गिऱ्हाइकाला परत पाठवायचे.

नऊच्या सुमाराला पांढऱ्या हॅटचा एक उंच माणूस पाण्याचा डबा घेऊन नळाकडे निघाला आणि सरळ त्या चौकोनातून चालू लागला.

"थांबा!" मार्लिस ओरडली.

तो जागच्या जागी थबकला. त्याने हॅट काढली. "माझं काही चुकलं का?"

"तुम्ही माझ्या भिंतीतून आत आलात. आणि आत्ता जिथं उभे आहात ना, ते न्हाणीघर आहे."

त्याने पायांखाली पाहिले. दोरी पाहिली. मग आवाज उतरवून त्याने विचारले, "आत कुणी... अंघोळ तर करत नव्हतं?"

हसू आवरायला मार्लिसला कष्ट पडले. चौदा महिन्यांत ती सवयच मोडली होती.

"लहान गाडी घेणार वाटतं," तो म्हणाला. "किती फुटी?"

"एकवीस. बरोबर मोजलंय मी. दोनदा."

"आणि तोंड कुठल्या बाजूला?"

"इकडे. खाट आहे ती बाजू."

तो हातातली हॅट फिरवू लागला. एखाद्याला वाईट बातमी कशी सांगावी, अशा विचारात असल्यासारखा. "मग बाई... तुम्ही इंजिनवर झोपणार आहात."

"काय?"

"एकवीस फूट म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत. त्यात बॉनेट आलं, चालवायची जागा आली. राहायला उरतात चौदा. मी तसल्याच गाडीत राहतो, म्हणून सांगतो."

मार्लिसच्या हातातली मोजपट्टी सरकन मिटली. तीन आठवडे तिने ते माहितीपत्रक लाल पेन्सिलीने खुणा करत वाचले होते! शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षे चारशे पोरांचे जेवण छटाकाच्या हिशोबाने शिजवले होते, आणि आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मात्र ती इंजिनासकट मोजत बसली होती. ती मटकन खुर्चीत बसली.

"द्या इकडे," असे म्हणत त्याने पुढच्या दोन खुंट्या उपटल्या, सात फूट मोजले आणि त्या पुन्हा ठोकल्या. खाट टेबलाला येऊन टेकली. टेबल खुर्चीला.

"हे असं?" तिचा आवाज चिरकला. "इतकं?"

"इतकंच. मी लॉर्न. कॅनडाचा, सस्कॅच्वानचा. गुरांचा डॉक्टर होतो, त्यामुळे नाकापासून शेपटापर्यंत मोजायची सवय आहे."

मंगळवारी तो पुन्हा आला. हातात तोच पाण्याचा डबा, दुसऱ्या हातात झाकलेली ताटली. पुन्हा सरळ भिंतीतून.

"दार तिकडे आहे," मार्लिस म्हणाली.

"दारावर पाटी नाही. नवख्या माणसाला कसं कळावं?" त्याने ताटली पुढे केली. बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेरोगी होत्या, वर लोण्यात परतलेला कांदा. "एका शेगडीवर केल्यात. चौदा फुटांत काय काय होतं, ते तुम्हाला कळावं म्हणून."

"म्हणजे माझं शिक्षण चाललंय तर."

"फी नाही घेत." तो इकडे तिकडे पाहू लागला. "दुसरी खुर्ची कुठाय?"

"बसत नाही."

"मोजून पाहिलंत?"

"मोजायचं कशाला? मी एकटी आहे."

त्याने पाण्याचा डबा दोरीच्या बाहेर टेकवला आणि त्यावर बसला. गुडघे मात्र आत आले. मार्लिसला ते दिसले.

"माझी बायको ओल्गा गेली, तेव्हा मोठं घर विकून मी मुद्दाम लहानातली लहान गाडी घेतली," खाता खाता तो म्हणाला. "एकाच खुर्चीची. रिकामी खुर्ची डोळ्यांपुढं नको म्हणून."

"मग? बरं वाटलं?"

"खुर्ची दिसत नाही, हे खरं. पण कॉफी अजून दोघांचीच होते. रोज. किटलीला कुणी सांगितलंच नाही..." तो हसला, आणि मार्लिसने चटकन ताटली उचलून घासायला घेतली. ताटलीत अजून दोन पेरोगी होत्या.

बुधवारी दुपारी वाळवंटात क्वचितच घडणारी गोष्ट घडली. पाऊस आला. बारीक, न थांबणारा. ओल्या झुडपांचा कडवट, औषधी वास तळभर पसरला आणि लोक भराभर आपापल्या गाड्यांत शिरले. मार्लिस दोरीतच बसून राहिली. नियम म्हणजे नियम.

डोक्यावर एकाएकी छत्री आली.

"नव्या घराचं छप्पर गळतंय," लॉर्न म्हणाला. "विकणाऱ्याला जाब विचारायला हवा."

"तुम्ही आतच या. भिजताय."

"आतच आहे की. ही तुमची भिंत माझ्या पाठीमागं आहे."

छत्री एकापुरतीच होती. त्याचा डावा खांदा पूर्ण भिजला. दोघांमध्ये वीतभर अंतर होते, आणि ते दोघांनीही राखले... पण ते राखायला जरा प्रयत्न पडत होता, एवढे मार्लिसच्या ध्यानात आले.

"उद्या माझी मोठी गाडी बघायला कुणीतरी येणार आहे," ती म्हणाली. "त्याची मुलगी फोनवर बोलत होती. वडिलांना म्हणे नीट पलंग हवा, कपडे धुवायचं यंत्र हवं. खूप काळजी होती पोरीच्या आवाजात."

छत्री किंचित हलली. पाण्याची एक धार मार्लिसच्या मानेवर पडली.

"विकणार का?" त्याने विचारले.

"ठाऊक नाही. ही गाडी इथं ड्वेननं लावलीय. हलली की... ड्वेननं लावलेलं काहीच उरणार नाही. आणि नाही हलली, तर मी इथंच बसून राहीन, टायर दाबत."

पावसाचा जोर वाढल्यावर लॉर्नने छत्री तिच्या हातात दिली आणि हॅट डोळ्यांवर ओढून तो भिजत निघून गेला.

गुरुवारी मार्लिसने निळा स्वेटर घातला, आतून गाडी लखलखीत पुसली, कॉफी केली. दहाला पाच मिनिटे असताना लॉर्न येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, काखेत कागदांची फाईल. आज तो दोरीतून आला नाही. मोठ्या गाडीच्या खऱ्याखुऱ्या दारापाशी येऊन उभा राहिला.

"आत्ता नको हं," ती म्हणाली. "ते गिऱ्हाईक येईल इतक्यात."

"माहीत आहे."

"मग जा ना. नंतर या."

"मार्लिस..." त्याने हॅट काढली. "तुमच्याशी फोनवर बोलली, ती माझी मुलगी."

मार्लिसच्या हातातला कप कलला. कॉफी पायरीवर सांडली. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होते. पण आधी आली ती लाज. जणू कुणीतरी अचानक दिवा लावला होता आणि आपण कुठल्या अवतारात उभ्या आहोत, ते तिलाच ठाऊक नव्हते.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून..."

"गाडी ओळखली मी. जाहिरातीत फोटो होता. चार दिवस आधी येऊन लांबून बघावी म्हटलं, कशी ठेवलीय, गळते का..."

"आणि तीन दिवस तुम्ही माझ्या घरातून फिरलात! गिऱ्हाईक म्हणून?"

"सोमवारी गिऱ्हाईक म्हणून आलो. मंगळवारचं... मंगळवारचं मला नीट सांगता येणार नाही."

"प्रयत्न करा!"

"मंगळवारी मी पाणी भरायला म्हणून निघालो," लॉर्न खाली मान घालून म्हणाला, "तेव्हा डबा भरलेलाच होता."

एकसष्टाव्या वर्षी असे काही आपल्याला ऐकायला मिळेल, हे मार्लिसच्या कुठल्याच हिशोबात नव्हते.

"काल सांगायला हवं होतं. छत्रीखाली. धीर झाला नाही. पण तुमची गाडी मी घेणार नाही. मुलीला आजच कळवतो."

"का? काय खोट आहे माझ्या गाडीत?" ती उसळून म्हणाली.

"खोट कसली? पण मी ती घेतली तर तुम्ही चौदा फुटांत एकट्या निघून जाल. आणि मी अडतीस फुटांत दोघांची कॉफी करत बसेन."

एवढे बोलून तो स्वतःच दचकला. कान लाल झाले. मार्लिसने दार लावून घेतले, आणि त्या बंद दाराला पाठ टेकून ती कितीतरी वेळ आत उभी राहिली.

शुक्रवारी ती सहा वाजून दहा मिनिटांनी उठली. तीन बटणे दाबली. किटली ठेवली. बाहेर येऊन चटई झाडली आणि सवयीने पहिल्या टायरापाशी गेली. बुटाचे टोक उचलले, तेव्हा तिच्या लक्षात आले, की सोमवारनंतर आपण टायर पाहिलेलेच नाहीत. तीन सकाळी! ती चरकली. पाय हळूच खाली ठेवला. चौदा महिन्यांत जे करायचे धाडस झाले नव्हते ते नकळत होऊन गेले होते, आणि आकाश कोसळले नव्हते.

ती दोरीपाशी गेली. मागच्या दोन खुंट्या उपटल्या, तीन फूट मोजले, पुन्हा ठोकल्या. गाडीच्या पोटातल्या कप्प्यातून दुसरी खुर्ची काढून तिने टेबलाच्या पलीकडे मांडली. ती बसत होती. मोजून पाहिले, पाय लांब केले तरी बसत होती.

आठ वाजता तिने गावातल्या विक्रेत्याला फोन केला. "एकवीस नको. चोवीस फुटी सांगा. पुढच्या दोन्ही खुर्च्या मागं वळणाऱ्या हव्यात... हो, जुनी बदल्यात देते. आजच आणते... कोण चालवणार म्हणजे? मीच."

लॉर्नची पांढरी गाडी तळावरून निघायच्या तयारीत होती. निरोप घ्यायला म्हणून तो आला आणि दोरीपाशी थांबला. त्याने लांबी पाहिली. दुसरी खुर्ची पाहिली. तो चौकोनाला पूर्ण वळसा घालून दाराच्या जागेवर आला आणि बोटांनी हवेत टकटक केली.

"उघडंच आहे," मार्लिस आतून म्हणाली.

तो आला, बसला. तिने कॉफी ओतली. दोघांची.

"मला मागं उभं राहायला कुणीतरी हवंय," ती म्हणाली. "गाडी गावात न्यायचीय. पण तुझ्या खुणा मला ठाऊक नाहीत."

"माझ्या कुठल्या खुणा? ओल्गा चालवायची, मी झोपायचो."

"बरा सापडलास!" ती हसली. "मग ठरवून घेऊ. हात डावीकडे तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. आणि थांबायचं असेल तेव्हा?"

"हॅट काढतो. तू पहिल्यांदा थांब म्हणालीस, तेव्हा तेच केलं होतं."

साडेदहा वाजता मार्लिस चालकाच्या खुर्चीवर बसली. गादीत अजून ड्वेनच्या बसण्याचा खळगा होता. तिने त्यावर एकदा हात फिरवला आणि ती त्याच खळग्यात बसली. इंजिन खोकले, मग सुरू झाले. डाव्या आरशात, निवडुंगाच्या पलीकडे, लॉर्न उभा होता. डोक्यावर पांढरी हॅट, हात उजवीकडे. चाके हलली. वाळूत सहा टायरांचे खळगे उघडे पडले. गाडी मागे, आणखी मागे गेली.

लॉर्नने हॅट काढली.

मार्लिसने ब्रेक दाबला, गियर बदलला आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मागे ठेवली.